आमची वाटचाल : द्राक्षाच्या मांडवातून अंगणातल्या सावलीकडे

आमच्या घरात छाटणी आधी आली, झाडं नंतर. आबा दिंडोरी तालुक्यात द्राक्षछाटणीची टोळी चालवायचे. एप्रिलमध्ये वेल खरडून कापायची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळासाठीची गोडी छाटणी. शाळेला सुट्टी असली की मीही छाटलेली काडी गोळा करायला जायचो. काडीवर किती डोळे, म्हणजे फुटव्याच्या कळ्या, राखायचे, पानाच्या बगलेतून निघालेली कुठली बगलफूट काढायची, हे मला तिथेच कळलं. 12 वर्षांपूर्वी नाशकात बागकामाचा व्यवसाय सुरू केला तेव्हा जवळ दोन सिकेटर, म्हणजे छाटणीच्या कात्र्या, एक करवत, एक जुनी मोटारसायकल आणि आबांच्या टोळीतले पेठ-सुरगाण्याचे तीन गडी होते.

पहिलं वर्ष लॉन आणि कुंड्यांत गेलं. मे उजाडला की मात्र फोन वेगळेच यायचे. झाड फार वाढलंय, पाचोळा पडतो, वायरला लागतंय, कापून द्या. आम्ही कापून द्यायचो.

दुसऱ्या वर्षी इंदिरानगरमधल्या एका बंगल्यापुढच्या गुलमोहराचं काम आलं. घरमालक काका म्हणाले, "भाऊ, वरून सपाट करून टाका, चार वर्षं बघायला नको." द्राक्षवेल दरवर्षी जोरात कापतात आणि ती जोरात फुटते, तसंच इथे होईल असं मला वाटलं. गुलमोहर फुटलाही. एकेका ठुटातून दहा-बारा सरळसोट फांद्या निघाल्या आणि दोन वर्षांत झाड पहिल्याहून उंच झालं. मग एका मेमध्ये वळवाचं वारं सुटलं आणि त्यातली मनगटापेक्षा जाड झालेली फांदी बुडापासून सोलून निघाली, ती थेट पोर्चच्या पत्र्यावर. कोणाला लागलं नाही. पत्रा आम्ही बदलून दिला. काका एका शब्दाने बोलले नाहीत, पण मला कितीतरी रात्री झोप लागली नाही, कारण चूक माझी होती. ठुटावर अशी फुटलेली फांदी सालीलगत वरवर धरलेली असते, खोडाच्या लाकडात खोल गेलेली नसते, आणि तिच्याखालचं ठूट आतून सडत असतं. वेलीला मांडव आणि तारा सांभाळतात. झाडाला आपला भार आपणच पेलायचा असतो.

त्यानंतर मी पुन्हा शिकायला बसलो. अमेरिकेच्या वनसेवेतले अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून जखमांचं आत काय होतं ते पाहिलं होतं. कापलेली जागा झाड आपल्या कातडीसारखी भरून काढत नाही. सडका भाग आतून भिंत घालावी तसा वेगळा पाडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. हे काम नीट व्हायचं तर फांदीच्या बुडाशी असलेलं फुगीर कडं शाबूत राहायला हवं. म्हणून आम्ही जाड फांदी तीन कापांत उतरवतो. आधी खालून थोडा काप, म्हणजे फांदी पडताना साल ओरबाडत नाही. मग थोडं पुढे वरून कापून वजन उतरवायचं. शेवटचा काप कड्याच्या लगेच बाहेर. खोडाला घासून कापायचं नाही आणि खुंटी राखायची नाही. जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट फासणंही बंद केलं. एका वेळी हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त नाही. आमच्या गड्यांच्या हाताला ही गोष्ट पटकन समजली. वर्षानुवर्षं डोळा बघून कात्री चालवणारी माणसं आहेत ती.

तिथून कामाचं स्वरूपच बदललं. आता आम्ही आधी सावली कुठे हवी ते बघतो. नाशिक साधारण 20 अंश अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्या वेळी भिंतींना फारसा त्रास नसतो, तापतो तो स्लॅब. घर भाजून काढतं ते तीननंतरचं पश्चिमेचं ऊन. मेमध्ये संध्याकाळी पाचला झाडाची सावली त्याच्या उंचीच्या जवळपास दुप्पट लांब पडते. म्हणजे भिंतीपासून 15 फुटांवरचं, 20 फूट उंचीचं झाडसुद्धा पश्चिमेची खोली झाकायला पुरतं. गंगापूर रोडच्या एका काकूंनी आम्ही सांगितल्यावर आठवडाभर दर तासाला उन्हाची कड खडूने भिंतीवर आखून ठेवली होती. इतका चांगला नकाशा मला कोणी दिला नव्हता. दक्षिणेची बाजू शक्यतो मोकळी राहू द्या असं आम्ही सांगतो. नाशिकची थंडी ज्यांनी काढली आहे, त्यांना पौषातल्या उन्हाची किंमत माहीत आहे.

झाड कुठलं, यावर माझं मत ठाम आहे. पश्चिमेला करंज. फाल्गुनाच्या सुमारास पानं गाळतो आणि उन्हाळा तापेपर्यंत नव्या पालवीने भरून जातो. जागा मोठी असेल तर कडुनिंब. घाई नसेल तर बकुळ. सावकाश वाढतो, पण त्याची गोल, दाट सावली दुसऱ्या झाडाला नाही. बहावा मला फार आवडतो, पण ऐन उन्हाळ्यात त्यावर पानांपेक्षा फुलंच जास्त, म्हणून तो डोळ्यांसाठी लावावा. आसुपालव, म्हणजे बंगल्यांपुढे दिसणारा उंच, सरळसोट अशोक, रांगेत लावून सावली मिळत नाही, भिंत मिळते.

खरी मेहनत पहिल्या पाच-सहा वर्षांत असते. पिशवीत मुळं गोल फिरलेली असतील तर लावतानाच सोडवतो, नाहीतर तीच पुढे खोडाला फास लावतात. मुरूम लागला तरी खड्डा रुंद घेतो. पेव्हर ब्लॉक खोडाला टेकू देत नाही. दोन शेंडे बरोबरीने वर चालले असतील तर एक आखडता घेतो, आणि खालच्या फांद्या एकदम न काढता खोड जाड होईल तसतशा उतरवतो. हे काप पेन्सिलीएवढ्या जाडीचे असतात, सिकेटरने होतात. वेळ माघातली, नवी पालवी यायच्या आधीची. भर मेमध्ये आतली साल उन्हात उघडी पडली की भाजते.

शहरात 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, त्यामुळे मोठ्या छाटणीआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करतो. माझी बायको हे कागद सांभाळते. घरटं दिसलं तर ती फांदी पिल्लं उडेपर्यंत तशीच ठेवतो. शेंडा उडवायची कामं आम्ही घेत नाही. यामुळे बरीच गिऱ्हाइकं गेली, दोन उन्हाळे हात आखडता ठेवावा लागला. आज आम्ही नऊ जण आहोत आणि बहुतेक घरांशी वर्षातून एका भेटीचा करार आहे.

इंदिरानगरचा गुलमोहर शेवटी वठला आणि परवानगी घेऊन काढावा लागला. काकांना विचारून तिथे आम्ही आमच्याकडून करंज लावला. गेल्या माघात गेलो तेव्हा तो पोर्चच्या पत्र्याच्या वर गेला होता. तीन काप घेतले, खोडाला रुतू लागलेली सुतळी सैल केली. काकांनी त्याच्या बुडाशी खुर्ची आणून ठेवली होती, सावली अजून खुर्चीपुरतीच आहे.