तुम्ही विचारलंत म्हणून: अस्वलाला सुई कोण देतं?

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला मी गुरांची डॉक्टरकी करतो. पाड्यावर बैलाला इंजेक्शन देत असलो की कोणीतरी हमखास विचारतं, "डाक्टर, आस्वलले बी ताप येस का हो? त्याले सुई कोन देस?" म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

कोणीच देत नाही. आजार मात्र सगळे होतात, आणि जंत तर पाचवीलाच पुजलेले. मोहाच्या दिवसांत जंगलात अस्वलाची विष्ठा दिसली तर काडीने उलगडून बघा, मोहाचा काळपट लगदा, बिया, मधेच उधईची न पचलेली डोकी चमकतात, आणि कधीकधी पांढरा गोल जंत, जो वीतभरसुद्धा वाढतो. आपलं अस्वल वारूळ फोडून त्यात तोंड खुपसतं आणि उधई ओढून घेतं, वरचे मधले दोन दात नसतातच त्याला त्यासाठी, आता तोंड सारखं मातीत म्हटल्यावर जंताची अंडी पोटात जाणारच की. धडधाकट अस्वल हे पचवतं, पिल्लू किंवा उपाशी असेल तर खंगतं. गोचीड तर त्या झिपऱ्या केसांत घर करूनच असतात. खरजेचं म्हणाल तर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात 1990 नंतर काळ्या अस्वलांत ती इतकी पसरली की केस झडलेली, हाडं निघालेली अस्वलं वस्तीत दिसायला लागली.

पण मला भीती याची नाही, आपल्या कुत्र्यांची आहे.

शेळ्यांमागे जंगलात जाणारं कुत्रं बघा. डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा विषाणूचा आजार, झालेला असला की डोळ्याला चिपडं, नाकातून शेंबूड, पंजे कडक होतात, पुढे जबडा आपोआप हलत राहतो, च्युइंगम चघळल्यासारखा. असं कुत्रं त्याच नाल्यावर पाणी पितं, गावाबाहेर फेकलेल्या मेल्या ढोरावर जातं, रात्री तिथेच जंगलातलं जनावर येतं. 2018 मध्ये गीरमध्ये 20 च्या वर सिंह मेले त्यात हाच विषाणू सापडला, आणि चीनच्या शाआन्शी प्रांतातल्या बचाव केंद्रात 2014-15 च्या हिवाळ्यात पांडा मेले तेही याच्यानेच, आणि पांडा म्हणजे अस्वलच. कुत्र्यांच्या काविळीचा विषाणूही अस्वलाला मारू शकतो, आणि बरं झालेलं कुत्रं तो पुढे कित्येक महिने लघवीतून सोडत असतं. माणसांचाही यात वाटा आहे बरं का, आग्र्याच्या अस्वल बचाव केंद्रात सोडवून आणलेल्या नाचवायच्या अस्वलांत टीबी निघाला, तो काय त्यांना जंगलात झालेला?

दुसरा ठरलेला प्रश्न, अंगावर आलं म्हणजे पिसाळलेलं होतं का? बहुतेक वेळा नाही. रेबीज अस्वलालाही होतो पण क्वचित. पहाटे मोह वेचताना तुम्ही खाली वाकलेले, तेही खाली वाकलेलं, समोरासमोर आलात की ते घाबरतं आणि घाबरलं की पळण्याआधी हल्ला करतं, पाठीवर पिल्लं असली तर विचारूच नका. तरी चावलं किंवा ओरबाडलं तर "पिसाळलेलं नव्हतं" म्हणून घरी बसायचं नाही. जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं ते सीरम दोन्ही मागून घ्या.

तर अस्वलाला सुई द्यायची असेल तर ती आपल्या कुत्र्याला द्या. लसीचं शिबिर लावलं की लोक गाय आणतात, बोकड आणतात, कुत्रं आणा म्हटलं तर हसतात, "भो, त्याले कोन धरी?" धरा की, तोंडाला दोरी बांधून आणा, पुढचं मी बघतो. मेलेलं ढोर नाल्याकाठी टाकू नका, खोल पुरा. आणि लडखडणारं, केस झडलेलं किंवा भर दुपारी विहिरीपाशी बसून राहिलेलं अस्वल दिसलं तर व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका, वनखात्याच्या 1926 वर फोन करा.