गंज, गडवा आणि दारातला उजेड

बीएफए म्हणजे चित्रकलेच्या पदवीच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, वस्तुचित्र (समोर मांडलेल्या वस्तू बघून काढायचं चित्र), संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान हे विषय येतात. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात जायचं तर शहरात खोली करून क्लास लावावाच लागतो, असं गावाकडे पक्कं बसलंय. वस्तुचित्रापुरतं तरी हे खरं नाही.

एक गंज (खोल पातेलं), एक गडवा (तांब्या), दोन वांगी आणि मागे एकरंगी जुनं धोतर, एवढं पुरे. दीड फूट उंच स्टुलावर मांडा आणि पाच-सहा फूट लांब बसा. फार जवळ बसलं की भांडी वरून दिसतात, आकार बिघडतो. उजेड एकाच दारातून येऊ द्या, बाकी दारं-खिडक्या लावून घ्या. दोन बाजूंनी उजेड आला की सावल्या एकमेकींना कापतात आणि वस्तू सपाट दिसते. उत्तरेचं दार असेल तर उत्तमच, कारण तिथला उजेड फारसा हलत नाही. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातलाच बसा. घामेजलेला तळवा कागदावर टेकला की तिथे पेन्सिल नीट धरत नाही, म्हणून हाताखाली कोरा कागद ठेवा. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि रबरानं त्याचे तंतू निघतात. अशा वेळी रेषा हलकीच हवी.

पाव इम्पीरियल कागद घ्या, म्हणजे ११ बाय १५ इंच. एचबी पेन्सिलीनं आधी गंजाची मधली उभी रेषा काढा. पेन्सिल हातात धरून, एक डोळा मिटून माप घ्या, पण कोपर ताठच हवं. ते वाकलं की प्रत्येक माप वेगळं येतं.

खरी गोम गंजाच्या काठात आहे. वरचा काठ लंबवर्तुळ काढतात आणि बूड मात्र सरळ रेषेनं, कारण स्टूल सपाट आहे हे डोक्याला माहीत असतं. डोळ्याला तसं दिसत नाही. बूड नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असतं, म्हणून त्याचं लंबवर्तुळ वरच्यापेक्षा जास्त गोल दिसतं. गंज काचेचा आहे असं समजून दोन्ही लंबवर्तुळं पूर्ण काढा, मागची बाजू नंतर पुसा. टोकं कधीच अणकुचीदार नसतात. गडवा आडवा ठेवलात तर लंबवर्तुळाचा लांब अक्ष गडव्याच्या मधल्या रेषेशी काटकोनात येतो. याची सवय हाताला महिनाभर तरी लावावीच लागते.

छटांसाठी २बी, ४बी, ६बी या मऊ, गडद पेन्सिली. पितळी गडव्यावरची चकाकी कडक असते आणि तिला लागूनच गडद काळोख असतो. वांग्यावर चकाकी लहान, बाकी छटा हळूहळू उतरते. स्टुलावर पडलेली सावली वस्तू टेकते तिथेच सर्वांत गडद असते. ती सगळीकडे सारखी घोटली की गडवा तरंगतो.

झाल्यावर चित्र आरशासमोर धरा. कललेला गंज लगेच दिसतो.