साताऱ्यात अडलेला माझा व्हिसा

व्हिसा अमेरिकेचा, पण काम अडलं साताऱ्यात. २०२३ सालातले तब्बल पाच महिने. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, मी जे-वन या एक्स्चेंज व्हिसावर अमेरिकेला गेले. व्हिसावर तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या २१२ (ई) कलमाची नोंद होती. म्हणजे दोन वर्षं भारतात येऊन राहिल्याशिवाय एच-वन बी हा नोकरीचा व्हिसा नाही. सूट हवी तर आपल्या सरकारनं 'हरकत नाही' असं कळवायचं, आणि त्याआधी नोरीसाठी, म्हणजे 'भारतात परतण्याचं बंधन नाही' अशा दाखल्यासाठी, राज्य, पासपोर्ट कार्यालय आणि केंद्राचं उच्चशिक्षण खातं या तिघांकडून दाखले जमवायचे. शेवटच्या दोघांचं काम विनातक्रार झालं.

राज्याचा अर्ज पोलिस चौकशीसाठी खाली आला. पासपोर्टवर गावाकडचा पत्ता, आम्ही राहतो साताऱ्यात. अर्जात मी साताऱ्याचं घर लिहिलं, आप्पांना जवळ पडेल म्हणून. तिथंच घोळ झाला. एका ठाण्यात म्हणाले, "पासपोर्टवरचा पत्ता आमच्या हद्दीत नाही." दुसरीकडे, "मुलगी इथं राहतच नाही, काय लिहू?" कागद वर गेला, परत खाली आला, आणि मग कुठं गेला ते कुणालाच सांगता येईना. आप्पा ७२ वर्षांचे. दर सोमवारी एसटीनं गावाकडं, गुरुवारी साताऱ्यातल्या कार्यालयात. एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांनी वहीचं पान दाखवलं. तारीख, टेबल, आणि पुढं 'उद्या या'. अशा सोळा ओळी, सुवाच्य अक्षरात. मला रडू आवरेना.

शेवटी एका कारकून बाईंनी विचारलं, "काका, आवक नंबर काय?" तो नव्हताच. पोच कुणी दिली नव्हती, आप्पांनी मागितली नव्हती. बाईंनी रजिस्टर काढलं, ओळीओळीवरून बोट फिरवत नोंद शोधली. माझा अर्ज भलत्याच फायलीला टाचलेला निघाला. चौथ्या दिवशी जबाब झाला, शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या, अहवाल गेला.

म्हणून सांगते, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सगळीकडे पासपोर्टवरचाच पत्ता लिहा. घरच्या माणसाच्या नावानं अधिकारपत्र आधीच करून पाठवा. आणि हो, या सगळ्याच्या आधी डीएस-३०३५ हा सूट मागण्याचा अमेरिकी अर्ज भरून केस नंबर घ्या, तो पुढं लागतो.

आपल्या दूतावासाचं 'हरकत नाही' पत्र गेल्यावर तिकडं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं शिफारस केली, इमिग्रेशननं मंजुरी दिली. नोकरी विद्यापीठातच असल्यानं एच-वन बीच्या लॉटरीत जावं लागलं नाही, विद्यापीठानं थेट अर्ज केला. एक मात्र जपा. सूट देण्याची शिफारस झाली की जे-वन वाढवून मिळत नाही. डीएस-२०१९ ची, म्हणजे जे-वनच्या मूळ कागदाची, मुदत आधी वाढवून घ्या.

आता अर्ज करणाऱ्यांनी आधी हे पाहा. ९ डिसेंबर २०२४ पासून अमेरिकेच्या कौशल्य यादीत, म्हणजे कोणत्या देशाला कोणत्या कौशल्याची माणसं परत हवीत त्या यादीत, भारत नाही. दोन वर्षांची अट केवळ त्या यादीमुळं लागली असेल तर ती आता उरलेली नाही, जुन्या जे-वनवाल्यांनाही. सरकारी पैशावर गेलेल्यांना आणि तिथं डॉक्टरकीचं प्रशिक्षण घेणाऱ्यांना मात्र ती आहेच.

मंजुरी आल्यावर आप्पा त्या बाईंकडे कंदी पेढे घेऊन गेले. बाईंनी एक उचलला आणि डबा पुढच्या टेबलाकडे सरकवला.