शेअर फोल्डरची 'बॅग' केली, पण ती परत सोडवताना काय झालं (माझा अनुभव)

आमची शेतकरी कंपनी दारव्हा तालुक्यात आहे, ऑफिसात मोजकेच कॉम्प्युटर आणि सगळ्यांचा मिळून एकच शेअर फोल्डर. सातबारे, माती परीक्षणाचे रिपोर्ट, कापूस-तुरीच्या वजनाच्या पावत्या, सगळं त्यातच. वरच्या एका ऑफिसला हा माल बॅगइट फॉरमॅटमधे (फायली आणि त्या तपासायची यादी एकत्र बांधून द्यायची पद्धत, त्या गठ्ठ्याला म्हणतात बॅग) पाहिजे होता, आणि वरून अट अशी की कॉपी नाही, आहे त्याच फोल्डरची बॅग करा. बॅग करणं एका कमांडचं काम, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

ताप त्यानंतरचा. टूल सगळ्या फायली उचलून 'डेटा' नावाच्या नव्या फोल्डरात टाकतं, आणि बाहेर मॅनिफेस्ट, म्हणजे प्रत्येक फायलीचा चेकसम (फायलीतल्या मजकुरावरून काढलेला आकडा, मजकूर बदलला की तोही बदलतो) असलेली यादी, ठेवतं. म्हणजे सगळ्यांचे पत्ते बदलले, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट मेले. वजनकाट्यावरचे काका सकाळीच, "काऊन रे पोरा, माह्या पावत्या कुठी गेल्या?"

आणि पहिल्यासारखं करायची कमांडच नाही! बॅगइटचे नियम ज्यात लिहिलेत त्या आरएफसी ८४९३ (२०१८ चं) मधे बॅग कशी असावी, कशी तपासावी हे बारकाईनं दिलंय, जागेवरच सोडवायची कशी ते नाही. वरच्या ऑफिसला फोन केला तर साहेब म्हणे, डेटामधलं सगळं वर ओढा आन् बाकीचं डिलीट मारा. सांगायला काय जातं!

तोवर लोकांनी काम थांबवलं होतं थोडीच. काकांनी डेटामधे शिरून पावत्या दुरुस्त केल्या, दुसऱ्या कोणी बाहेरच नवीन फोल्डर काढलं, कोणी फोटो पाहता पाहता विंडोजनं थंब्ज.डीबी (छोट्या चित्रांची आपोआप बनणारी फाईल) टाकून दिली. तपासणी लावली की नापास, आणि नापास म्हणजे फाईल खराब झाली का कोणी मुद्दाम बदलली, हे चेकसम सांगत नाही. त्यात आमच्या जुन्या फोल्डरात आधीपासूनच 'डेटा' नावाचं एक फोल्डर होतं, ते वर ओढायला गेलं की बाहेरच्या डेटाशीच टक्कर.

शेवटी पायथनमधे स्वतःच स्क्रिप्ट लिहिली. ती हलवाहलवीच्या आधी तीन याद्या काढते: मॅनिफेस्टशी जुळणाऱ्या, बदललेल्या, आणि नव्यानं आलेल्या. बाहेरच्या डेटाचं नाव आधी बदलते म्हणजे टक्कर नाही. टूलनं बनवलेल्या फायली डिलीट न करता बाजूला ठेवते. आणि प्रत्येक फाईल हलवायच्या आधी लॉगमधे ओळ लिहिते, म्हणून अर्ध्यात लाईन गेली (आमच्याकडे जातेच) तरी तिथून पुढं चालू झालं. बदललेल्यांची यादी मात्र काकांना शेजारी बसवून पाहावी लागली, त्याले इलाज नाही. पण पावत्या जागेवर आल्या तेव्हा मी सगळ्यांना चहा पाजला.

हो, हे सगळ्यात आधी सांगायचं होतं: सुरू करायच्या आधी शेअर फोल्डर बाकीच्यांसाठी फक्त वाचण्यापुरतं करून ठेवा.

अन् 'शेतकऱ्यांची यादी' असल्या नावांशी जपून. ऱ एका कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावरून र आणि खाली नुक्ता. दिसायला सारखं, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. स्क्रिप्टला नावं सुधारायला लावाल तर एक फाईल दुसरीच्या बोडक्यावर बसते.

आता वरून निरोप आलाय, नवीन पावत्यांसकट परत बॅग पाठवा, आहे त्याच फोल्डरची. या वेळी मी कॉपीच करून देणार, नाही म्हणाले तर त्यांनीच येऊन काकांना समजवावं.