दोरीची गाठ, तारेची गाठ

आठवणींना स्मरणिकेत तोटा नसणार, म्हणून मी आपल्या पदार्थविज्ञानातली एक राहून गेलेली गोष्ट लिहितो. गणितातली दोरी कायम ‘वजनरहित व न ताणणारी’ असे. ती वाकवायलाही काही जोर लागत नाही, हे गृहीतक मात्र कुणी लिहीत नसे. गाठीपाशी तेच आडवं येतं. दोऱ्याची गाठ घर्षणावर टिकते. पोलादी तारेला साधी गाठ मारून सोडून द्या, ती फुगत जाते.

गाठीचा गोल फेरा लहान केला की तारेत साठलेली वाकण्याची ऊर्जा त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ती पुरवायची ओढणाऱ्याने. घर्षण बाजूला ठेवलं तर हिशेब सुटसुटीत येतो: ताण म्हणजे तारेचा वाकण्याला होणारा विरोध भागिले त्रिज्येच्या वर्गाची दुप्पट. हा विरोध यंग गुणांकाबरोबर (पदार्थाचा ताठपणा सांगणारा आकडा) आणि व्यासाच्या चौथ्या घाताबरोबर वाढतो. दुप्पट जाड तारेला त्याच फेऱ्यासाठी सोळापट ताण लागतो!

प्रयोगशाळेत हे मोजता येतं. १ मिमी व्यासाची, दोनेक मीटर लांब स्प्रिंगची तार घ्या. बाइंडिंगची तार चालणार नाही, ती वाकली की वाकलेलीच राहते. वेटोळ्यातून कापलेली तारही नको; तिला मुळातच बाक असतो आणि ताण चुकीचा दिसतो. साधी सैल गाठ मारून तार टेबलावर आडवी ठेवा, नाहीतर वजनाने फेरा लोंबतो. एक टोक खुंटीला, दुसरं ताणकाट्याला (ताण मोजणाऱ्या स्प्रिंगच्या काट्याला), दोन्हीकडे दोऱ्याने बांधा म्हणजे पीळ निघून जाईल. फेऱ्याचा व्यास २० सेमी असताना साधारण ०.५ न्यूटन, १४ सेमीला १ न्यूटन, १० सेमीला २ न्यूटन यायला हवेत. त्याखाली उतरू नका. १० सेमीला तारेच्या बाहेरच्या कडेची विकृती, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ, १ टक्का होते, पुढे चांगली तारही कायमची वाकते.

घर्षण दिसतं ते परतताना. गाठ आवळताना ताण जास्त, सैल सोडताना त्याच व्यासाला कमी. दोन्हींची सरासरी घ्या. तारेला हलकी टिचकी मारली तरी फरक कमी होतो.

साध्या गाठीत एकच वेढा असतो, म्हणजे टोक फेऱ्यातून एकदाच ओवलेलं असतं; तोवर घर्षण दुय्यम. वेढे वाढवले की तेच मालक होतं. २०१५ साली निटिनॉलच्या (निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या) तारांवर झालेल्या प्रयोगांत दहा वेढ्यांच्या गाठीला एका वेढ्याच्या जवळपास हजारपट जोर लागला. निटिनॉल अशासाठी, की ते कितीतरी जास्त वाकूनही पूर्ववत होतं. आपल्या पोलादी तारेवर दोन वेढे पुरे. टोकं आधी पक्कडीने वळवून घ्या आणि चष्मा लावा. सुटलेली तार थेट डोळ्याच्या उंचीवर उडते.