वॉच विंडोमधला नॅन आणि मी लावलेलं पहिलं ठिगळ

आमच्याकडे भट्ट्यांचं तापमान सांभाळणारे कंट्रोलर बनतात. त्यांचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डवरच चालणारा प्रोग्राम, तपासायला जो डीबगर (प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं साधन) लागतो, तोही आमचाच. बोर्डवर एआरएमचा कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर, आणि इकडे विंडोजवर ३२-बिट सी++ मधलं बरंच जुनं ॲप्लिकेशन. त्यातली वॉच विंडो, म्हणजे निवडलेल्या व्हेरिएबलची मूल्यं दाखवणारी चौकट, माझ्याकडे आली तेव्हा तिच्याबद्दल एकच तक्रार होती. ब्रेकपॉइंटला, म्हणजे प्रोग्राम थांबवायला ठरवलेल्या जागी, थांबलं की कधीकधी अख्खा डीबगर बंद पडतो.

‘कधीकधी’ म्हणजे नेमकं कधी, हे शोधण्यातच माझे दोन दिवस गेले. बोर्ड नुकता चालू झालाय, कॅलिब्रेशनचं टेबल अजून भरायचंय, आणि त्याच क्षणी कुणी ते टेबल वॉचमध्ये उघडलं, की डीबगर पडायचा. टेबल भरल्यावर काहीही करा, पडत नव्हता.

नॅनचा (‘नॉट अ नंबर’, म्हणजे आकडाच नसलेलं मूल्य) संशय मला पहिल्याच दिवशी आला होता, पण मी तो सोडून दिला. कारण पुसलेल्या फ्लॅश मेमरीमधले फ्लोट (दशांश आकडे) आम्ही रोजच बघायचो. पुसलेल्या फ्लॅशमध्ये सगळे बिट १ असतात आणि फ्लोट म्हणून वाचले तर तोही नॅनच. वॉचमध्ये मुकाट ‘नॅन’ दिसायचं, काहीही पडायचं नाही. मग नॅनला दोष कसा द्यायचा?

क्रॅश डम्प, म्हणजे पडतानाच्या स्थितीची नोंद, तर आणखीच कोड्यात टाकत होता. डीबगर पडत होता तो एका अगदी साध्या ओळीवर. मेमरी वाचणाऱ्या फंक्शनने परत केलेला फ्लोट एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा, एवढंच त्या ओळीचं काम. ना भागाकार, ना पॉइंटर. ती ओळ मी इतक्यांदा वाचली की शेवटी असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचना, उघडून बसले, आणि तिथे उत्तर मिळालं. ३२-बिटात फंक्शनने परत केलेला फ्लोट एक्स-८७ च्या, म्हणजे पीसीच्या प्रोसेसरमधल्या जुन्या फ्लोटिंग पॉइंट भागाच्या, रजिस्टरमधून येतो. एक्स-८७ ची पद्धत अशी की चूक ज्या सूचनेवर झाली तिथे तो थांबत नाही. चूक नोंदवून ठेवतो आणि फ्लोटिंग पॉइंटची पुढची सूचना आली की मगच तक्रार करतो. म्हणजे बिघाड वाचणाऱ्या फंक्शनच्या शेवटी झालेला होता आणि बोंब उठत होती ती त्याला बोलावणाऱ्याच्या घरात.

आता नॅनकडे नीट बघणं भाग होतं. आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे फ्लोटच्या घातांकाचे आठही बिट १ असतील आणि मँटिसा (आकड्याचे अंक ठेवणारे बिट) शून्य नसेल, तर तो नॅन. पण त्यात दोन जाती आहेत. मँटिसाचा सर्वांत वरचा बिट १ असेल तर क्वायट नॅन, तो गणितातून गुपचूप पुढे सरकतो. तोच बिट ० असेल तर सिग्नलिंग नॅन. त्याला गणितात घेतलं की प्रोसेसर ‘अवैध क्रिया’ अशी नोंद करतो. एक्स-८७ वर तर तो फ्लोट रजिस्टरमध्ये नुसता उचलला तरी ही नोंद होते. पुसलेल्या फ्लॅशमधला नॅन क्वायट होता. कॅलिब्रेशनच्या टेबलातला मात्र सिग्नलिंग निघाला, आणि तो अपघाताने आलेला नव्हता. ‘हा खाना अजून भरलेला नाही’ अशी खूण म्हणून फर्मवेअरवाल्यांनी तो मुद्दाम पेरला होता. जीसीसी हा कंपायलर देतो तोच आकडा, सोळाच्या पायात सात-एफ-ए आणि पुढे पाच शून्यं. मला ही योजना आजही योग्य वाटते. भट्टीच्या कंट्रोलरमध्ये शून्य अंश हे खरंखुरं मूल्य आहे, ‘रिकामं’ म्हणून ते कसं वापरणार?

एरवी विंडोजवर अशा नोंदीने प्रोग्राम पडत नाही, कारण हे अपवाद (अशा चुकांच्या तक्रारी) झाकलेले, म्हणजे बंद ठेवलेले, असतात. आमच्या डीबगरमध्ये आलेख काढणारी एक जुनी डीएलएल (वेगळी लोड होणारी कोडची फाइल) होती. ती लोड होताना तिचा रनटाइम हे अपवाद उघडे करून ठेवायचा. कारण कळल्यावर मी डीएलएल लोड झाल्या झाल्या ते पुन्हा झाकणारी एक ओळ टाकली. क्रॅश थांबला, आवृत्ती बाहेर गेली, आणि त्या दिवशी मी खूश होऊन घरी गेले.

तीन आठवड्यांनी फर्मवेअरमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा फोन आला. “अगं, तुझी वॉच विंडो माझं टेबल बदलतेय.”

मी म्हटलं, “सर, ती फक्त वाचते.”

“मग इकडे ये आणि बघ.”

टेबलातल्या एका नोंदीत बारा फ्लोट होते. त्यांनी वॉचमधून त्यातला एक बदलला. उरलेल्या अकरांना कुणी हात लावला नव्हता, तरी त्यांच्यात सात-एफ-ए च्या जागी सात-एफ-ई आलं होतं. बरोबर एक बिट बदललेला, मँटिसाचा सर्वांत वरचा. सिग्नलिंगचा क्वायट झाला होता.

ते माझ्याच ओळीने घडवलं होतं. अपवाद झाकलेले असताना एक्स-८७ सिग्नलिंग नॅन उचलतो तेव्हा तक्रार करत नाही, त्याला क्वायट करून पुढे देतो. आमची वाचलेली नोंद अशीच फ्लोट-फ्लोट करत भरलेली होती, आणि एक खाना बदलला की अख्खी नोंद बोर्डवर परत लिहिली जायची. फर्मवेअर खुणेचे बिट तंतोतंत जुळतात का ते बघतं. जुळले नाहीत, म्हणून त्याने खाने भरलेले आहेत असं मानलं आणि नॅन घेऊनच हिशेब केला. शेवटी हीटरची टक्केवारी काढताना फ्लोटचा पूर्णांक होतो. पीसीवरच्या सिम्युलेटरमध्ये नॅनचा पूर्णांक उणे २१४७४८३६४८ येतो आणि मर्यादेची तपासणी लगेच ओरडते. एआरएमवर तो ० येतो. चाचणीची भट्टी काहीही न बोलता गार होत गेली.

टेबलावर चाचणीची भट्टी होती, ग्राहकाची नव्हती. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. क्रॅश होत होता तेव्हा निदान काहीतरी बिनसलंय हे दिसत होतं. मी तो आवाज बंद केला होता.

मग ठिगळं लावणं सोडलं आणि वाचण्याचा मार्गच नव्याने लिहिला. बोर्डवरून आलेले चार बाइट आता शेवटपर्यंत बाइट म्हणूनच राहतात, बिनचिन्ह पूर्णांकात. नॅन आहे का, कुठल्या जातीचा, इन्फिनिटी आहे का, हे सगळं पूर्णांकाच्या गणिताने ठरतं. आकडा साधा असेल तरच त्याचा फ्लोट होतो, तोही फक्त पडद्यावर दाखवण्यासाठी. परत लिहिताना बदललेले चारच बाइट जातात.

याआधी मी ‘स्वतःशी समान नाही तो नॅन’ ही नेहमीची युक्ती वापरून पाहिली होती. डीबग बिल्डमध्ये ती चालली, रिलीजमध्ये नाही. तिथे फास्ट-मॅथचा पर्याय चालू होता, आणि त्यात नॅन कधी येणारच नाही असं कंपायलर धरून चालतो. माझी तपासणी त्याने निरर्थक ठरवून काढून टाकली होती. बिटांवरची तपासणी तो काढू शकत नाही.

याच कामात आणखी एक जुनी तक्रार मिटली. स्टेप केल्यावर, म्हणजे प्रोग्राम एक ओळ पुढे नेल्यावर, बदललेलं मूल्य लाल दिसतं, पण नॅनचे खाने प्रत्येक स्टेपला लाल व्हायचे, कारण नॅन नॅनशी समान नसतोच. आणि शून्याचं उणे शून्य झालं तर रंग बदलायचाच नाही. आता तुलना बाइटांची होते, दोन्ही बरोबर दिसतात. सशर्त ब्रेकपॉइंटचं मात्र मी काही बदललं नाही. ‘तापमान ८० पेक्षा जास्त’ ही अट नॅनला कधीच लागू होत नाही, आणि तो मानकाचाच नियम आहे. अटीतलं मूल्य नॅन निघालं तर खाली तशी सूचना येते, इतकंच केलं.

दाखवायचं काय, यावर थोडा वाद झाला. नुसतं ‘नॅन’ पुरे, असं काहींचं म्हणणं होतं. मी अडून बसले. जीडीबी हा डीबगर नॅनपुढे कंसात मँटिसा दाखवतो, आणि एक्स-८७ च्या ८० बिटांत बसतच नाही अशी रचना आली तर ‘अवैध फ्लोट मूल्य’ असं स्पष्ट सांगतो. आम्हीही आता जात, मँटिसा आणि कच्चे बाइट तिन्ही दाखवतो.

चाचणीसाठी ३२ बिटांच्या सगळ्या ४,२९,४९,६७,२९६ रचना वाचून परत लिहिल्या आणि बाइट जसेच्या तसे येतात का ते पाहिलं. त्यात १,६७,७७,२१४ नॅन आहेत, आमच्या मोजणीतही तेवढेच निघाले. ६४ बिटांच्या डबलसाठी हे शक्य नाही. तिथे सीमेवरच्या रचना हाताने निवडल्या.

नवी आवृत्ती मी स्वतः सरांच्या टेबलावर घेऊन गेले. त्यांनी बोर्ड रीसेट केला, बारापैकी एक फ्लोट बदलला आणि आमच्या डीबगरवर विश्वास न ठेवता वेगळ्या प्रोबने मेमरी वाचली. एकेका खान्यावर बोट ठेवत ते मोठ्याने वाचत गेले. सात-एफ-ए. सात-एफ-ए. अकराव्यापर्यंत.