ज्योतिप्रसादांची जयमती

आसामात 17 जानेवारी हा दिवस ‘शिल्पी दिवस’, म्हणजे कलावंत दिन, म्हणून पाळला जातो, कारण 1951 साली याच तारखेला तेजपूर येथे ज्योतिप्रसाद आगरवाला यांचे निधन झाले. कधीकाळी मारवाडातून आलेल्या आणि पुढे भाषेने व मनाने पूर्णपणे असमिया झालेल्या चहामळेवाल्या घराण्यात 1903 साली जन्मलेला हा कवी एडिनबर्गचे शिक्षण पदवीविना सोडून, बर्लिनच्या ‘उफा’ स्टुडिओत चित्रपटतंत्र पाहून 1930 साली मायदेशी परतला, आणि लगेचच कायदेभंगाच्या चळवळीत उतरून तुरुंगातही गेला.

पहिल्या असमिया चित्रपटाचे, म्हणजे 1935 च्या ‘जयमती’चे दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, मला मात्र त्यांनी निवडलेले कथानक अधिक बोलके वाटते. सतराव्या शतकात आसामवर राज्य करणाऱ्या आहोम घराण्याच्या गादीवरच्या ‘लोरा राजा’ने, म्हणजे पोरवयाच्या राजाने, व्यंग असलेल्या पुरुषाला राज्य मिळत नाही या रूढीचा आधार घेऊन, संभाव्य वारसांचे अवयव छाटण्याचा सपाटा लावला, तेव्हा राजपुत्र गदापाणी परागंदा झाला. त्याची पत्नी जयमती हिचे जेरेंगाच्या उघड्या माळावर अनन्वित हाल करण्यात आले, तरी तिने पतीचा ठावठिकाणा सांगितला नाही आणि अखेर तेथेच प्राण सोडले. नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्या कवीला या कथेत सत्याग्रही दिसला नसेल, असे मानणे मला तरी अवघड जाते.

चित्रीकरणासाठी त्यांनी भोलागुरी येथील आपल्या चहामळ्यातच ‘चित्रबन’ स्टुडिओ उभारला. आपल्याकडे तोवर ‘प्रभात’चा जम बसला होता, तिथे मात्र कुशल कारागिरांपासून सगळ्याचीच वानवा होती. चित्रपटाने पैसा बुडवला, तरी 1939 साली त्यांनी ‘इंद्रमालती’ काढला आणि त्यात लहानग्या भूपेन हजारिकांना पडद्यावर आणले. 1942 च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. लुइतच्या, म्हणजेच ब्रह्मपुत्रेच्या, काठच्या तरुणांना मरणाचे भय नाही असे सांगणारे त्यांचे गीत आसामात आजही गायले जाते.

‘जयमती’ची खरी किंमत मात्र नायिका आयदेउ संदिकै यांनी मोजली. पडद्यावर परपुरुषाला पती म्हणून हाक मारल्याबद्दल गावाने त्यांना वाळीत टाकले आणि त्या जन्मभर अविवाहित राहिल्या. ज्योतिप्रसादांच्या गौरवपर लेखांत हा भाग एका ओळीत उरकला जातो, ते मला पटत नाही.